धाकटीची फाइल

"धाकटीचं होऊन जाऊ दे. मग काय सांगायचं ते सांग."

आईचा हा आवाज सतरा वर्षांपूर्वीचा. आईला जाऊनही आता दोन वर्षं होत आली. पण आवाजाला कुठे मरण असतं? तो कधीही उगवायचा, बहुतेक वेळा हात कामात गुंतलेले असताना. आत्ताही सिरिंजमधला बुडबुडा टिचकीनं वर आणताना तो आला आणि सुईच्या टोकावर औषधाचा थेंब उभा राहीपर्यंत थांबून राहिला.

"पाय ढिला सोडा," ती समोरच्या बाईला म्हणाली. "माझ्याकडे बघू नका. खिडकीकडे बघा."

बाईनं खिडकीकडे बघितलं. सुई गेली आणि आली.

"झालं?"

"झालं. दुखलं का?"

"कळलंसुद्धा नाही."

"मग उद्या तक्रार करा माझी."

बाई हसली. या दवाखान्यात पहिल्यांदा आलेल्या बायका हसत नसत; त्यांना हसवायला दुसरी-तिसरी सुई लागायची. मूल व्हावं म्हणून येणाऱ्या बायका खालच्या मजल्यावर बसत आणि मूल होणाऱ्या बायका वरच्या मजल्यावर ओरडत. मधे एकवीस पायऱ्या. या पायऱ्या दिवसातून पंधरा वेळा चढणाऱ्या-उतरणाऱ्या या बाईला सगळे मोठ्या सिस्टर म्हणायचे. ताई म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं.

तेच आता आलं होतं.

"सिस्टर, तुमची बहीण आलीय," दारातून मावशींनी वर्दी दिली. मावशी म्हणजे वॉर्डातल्या झाडझुडीपासून बाळाच्या पहिल्या आंघोळीपर्यंत सगळं बघणाऱ्या. "बाकावर बसलीय. मांडीवर रंगांचं पुस्तक. म्हटलं, काय गं बाई, दवाखाना रंगवायला घेतलास की काय!"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, नाही हो मावशी, ताईला रंगवायचंय."

ताईनं वापरलेली सुई डब्यात टाकली, हात धुतले. नळ बंद केला आणि उगीचच पुन्हा उघडून हात धुतले.

धाकटी आज फाइल बंद करायला आली होती. नऊ वर्षांची फाइल. तिच्या पाठीला दोनदा नवा दोरा ओवला होता. बेचाळिसावं संपत आलं, पाच वेळा कूस भरली, पाच वेळा रिकामी झाली. आता पुरे, असं नवराबायकोनं गेल्या महिन्यात ठरवलं होतं. फाइल बंद झाली की तिच्यातल्या कुठल्याच पानाविषयी कुणी काही विचारणार नव्हतं. ताई ही गोष्ट पहाटेपासून स्वतःला सांगत होती, आजारी माणसाला घोट घोट पाणी पाजावं तशी.

सतरा वर्षांपूर्वी ताई दुसऱ्या गावात नोकरीला होती. नवा संसार होता. दोनदा दिवस राहिले आणि गेले. कुणाला कळलंही नाही. तिसऱ्यांदा पाचव्या महिन्यात गेलं तेव्हा आईला बोलवावं लागलं. घरी धाकटीला सांगितलं की ताईला कावीळ झालीय. आई पंधरा दिवस राहिली. त्या पंधरा दिवसांतच नवराबायकोच्या रक्ताचा अहवाल आला. नवऱ्याचा ठीक होता. ताईच्या गुणसूत्रांमधला एक तुकडा आपली जागा सोडून भलत्याच ठिकाणी जाऊन बसला होता. तिनं आईला ते जमेल तसं समजावलं. आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती.

"म्हणजे धाकटीलापण?"

"असेल किंवा नसेल. निम्मी शक्यता."

"आणि हे आलं कुठून?"

दोघी बहिणींत आठ वर्षांचं अंतर होतं. या आठ वर्षांविषयी आईनं कधी चकार शब्द काढला नव्हता. आता मात्र ती एक घडी मोडून पुन्हा घालत राहिली आणि हळूच म्हणाली, "मधली चार गेली माझी." आणि मग, घडी नीट बसल्यावर, धाकटीचं होऊन जाऊ दे म्हणाली. धाकटीचं लग्न तेव्हा ठरत आलं होतं.

अहवाल आल्यावर वर्षभरात ताईचा नवरा तिला सोडून गेला. भांडण नाही, तंटा नाही. त्याला आता तीन मुलं आहेत म्हणतात. त्यानंतर आईचं म्हणणं ताईला पटायला वेळ लागला नाही. धाकटीचं लग्न झालं तेव्हा तिनं विचारलं, "आता सांगू?" आई म्हणाली, "आता तर मुळीच नको." धाकटीचं पहिलं गेलं तेव्हा आई म्हणाली, "एखादं जातंच." दुसरं गेलं तेव्हा आई काही म्हणाली नाही. आणि ताईच्या तोंडाला तोवर गप्प बसायची इतकी सवय झाली होती, की कुणी नको म्हणायची गरजच उरली नव्हती.

ती बाहेर आली. धाकटी उठली नाही, नुसता हात वर केला. केस कानाच्या मागे, चपला बाकाखाली काढून ठेवलेल्या. कुठेही गेली तरी चपला काढून पाय वर घेऊन बसायची तिची खोड लहानपणापासूनची.

"तुला वेळ आहे ना गं, की मी सकाळपासून नुसती बाकाची शोभा?"

"एक जोडपं आहे. त्यांना समजावलं की आलेच. डॉक्टरही तोवर मोकळे होतील. आत येऊन बस."

पूर्वी ताई तिला बाळ म्हणायची. "बस बाळ", "खाल्लंस का बाळ." तिसरं गेल्यानंतर तो शब्द तिच्या तोंडी येईनासा झाला. मग तिनं तो सोडूनच दिला. धाकटीनंही कधी विचारलं नाही की तो कुठे गेला.

जोडपं तरुण होतं. नवरा टेबलाच्या कडेला नखानं रेघा ओढत होता. बायकोनं हातपिशवी पोटाशी धरली होती. त्यांची दोन गेली होती आणि नवऱ्याच्या रक्तात तसंच काहीसं निघालं होतं. ही गोष्ट समजावायची ताईची स्वतःची पद्धत होती. तिनं रक्ताच्या चार रिकाम्या नळ्या टेबलावर उभ्या केल्या. दोन लाल पट्टीच्या, लाल टोपणांच्या. दोन जांभळ्या पट्टीच्या, जांभळ्या टोपणांच्या.

"या जोड्या. प्रत्येकाच्या शरीरात असतात. आता बघा." तिनं एका लाल नळीचं आणि एका जांभळ्या नळीचं टोपण काढलं आणि अदलाबदल करून बसवलं. "मोजा. काही हरवलं?"

नवऱ्यानं खरोखरच मोजलं. "नाही."

"काही जास्त झालं?"

"नाही."

"म्हणून तुम्ही धडधाकट. तुम्हाला कधी काही झालं नाही आणि होणारही नाही. पण मूल घडताना वाटणी होते. प्रत्येक जोडीतली एक बायको देते, एक तुम्ही देता. समजा, तुमच्याकडून या दोन गेल्या." तिनं जांभळ्या टोपणाची लाल नळी आणि जांभळ्या टोपणाची जांभळी नळी बाजूला काढली. "आता मोजा. जांभळी टोपणं दोन, लाल एकही नाही. असा जीव उभा राहू शकत नाही. तो राहायचा प्रयत्न करतो आणि जातो. तुम्ही काही केलं म्हणून जात नाही. आणि काही केलं नाही म्हणूनही जात नाही."

बायकोची पिशवीवरची पकड सुटली.

"म्हणजे... मी जिना चढले म्हणून नाही?"

"नाही."

"सासूबाई म्हणाल्या, जिना."

"जिना चढून मूल जात असतं तर या दवाखान्यात वरच्या मजल्यावर एकही झालं नसतं."

बाई हसता हसता रडायला लागली. नवऱ्यानं नखानं रेघा ओढायचं थांबवलं आणि आपला तळवा तिच्या पाठीवर ठेवला. पुढे काय करता येईल ते ताईनं सांगितलं: कुठल्या तपासण्या, कुठे, किती वाट बघावी लागेल. खरं तेच सांगितलं. अनोळखी माणसांशी ती नेहमी खरं बोलायची.

जोडपं गेल्यावर कोपऱ्यातल्या स्टुलावरून धाकटी म्हणाली, "किती छान सांगतेस गं तू."

ताई टोपणं ज्याच्या त्याच्या नळीवर बसवत होती.

"ती बाई बघितलीस? आली तेव्हा दगड, गेली तेव्हा कापूस. माझं असलं काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं, नाही? कारण तरी मिळालं असतं. माझ्या मेलीच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि सगळं आपलं नॉर्मल. नॉर्मल या शब्दाचा माझ्याइतका राग कुणाला आला नसेल."

"चल," ताई म्हणाली. "डॉक्टर मोकळे झालेत."

डॉक्टर ताईपेक्षा वयानं लहान. माणूस हुशार, हात हलका, पण कागदांचा कंटाळा. फाइलीतले रकाने ताई भरायची आणि ते सह्या करायचे. कित्येकदा सही आधी आणि रकाना नंतर. सिस्टरच्या शब्दावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो, हे ते नव्या नर्स मुलींना कौतुकानं सांगायचे.

त्यांनी फाइल उघडली. पानं उलटत गेले. धाकटीच्या पाच खेपा, पाच तारखा, पाच वेळचे आठवडे. पहिल्या पानावर "कौटुंबिक इतिहास" या रकान्यापुढे ताईचं टपोरं अक्षर होतं: विशेष काही नाही.

"तुम्ही दोघांनी खूप सहन केलंत," ते धाकटीला म्हणाले. "थांबायचा निर्णय योग्यच आहे. तुमच्या तब्येतीच्या दृष्टीनंही." ते एका पानावर थबकले. "अरे, ती बाहेर पाठवायची तपासणी आपण केलीच नव्हती वाटतं. सिस्टर, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात ना, की..."

ताई खिडकीजवळ उभी होती. खिडकीच्या गजावर एक कागदाचा कपटा अडकून फडफडत होता.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग फाइलीकडे. मग चष्मा काढून पुसला.

"जाऊ दे," ते म्हणाले. "आता त्याचा काही उपयोग नाही." त्यांनी शेवटच्या पानावर सही केली. "शेवटचा सारांश सिस्टर लिहितील. कारणाच्या रकान्यात अज्ञात लिहा. म्हणजे झालं."

धाकटी उठली, नमस्कार केला. दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही प्रत्येक वेळी फोन उचललात. तेवढं कुणी करत नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. ताईकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही.

चादरींच्या खोलीत दुपारचं ऊन थेट फळ्यांवर यायचं. मोठ्या चादरी खाली, लहान वरच्या फळीवर. मावशी तिथं बसून दुपट्यांच्या घड्या घालत होत्या, आणि घडीच्या लयीत काहीतरी गुणगुणत होत्या.

*एका कुशीच्या दोघी गं, एका झाडाच्या डहाळ्या*
*एकीवर पानं दाट, एकीला नुसत्या सावल्या*

"हे कुठलं हो मावशी?" धाकटीनं विचारलं.

"कुठलं नाही. तोंडाला येतं ते म्हणते. गप्प बसलं की हात चालत नाही माझा." त्यांनी घड्यांचा गठ्ठा उचलला. "चहा ठेवलाय थर्मासात. साखर जास्त झालीय. पण तुम्हाला दोघींना चालेल आज."

मावशी गेल्या. ताईनं दोन पेल्यांत चहा ओतला. फाइल मांडीवर घेतली, पेन काढलं आणि सारांश लिहायला सुरुवात केली. हा कागद भरून द्यायला पाच मिनिटं लागतात, हे तिला ठाऊक होतं.

"मी कधी तुला सांगितलं नाही," धाकटी पेल्यावर फुंकर घालत म्हणाली, "पण मी हिशोब लावून ठेवलाय."

"कसला?"

"पाचांचा. कुठलं कशानं गेलं त्याचा. हसू नकोस हं. पहिलं सायकलनं. दुसरं, मी स्टुलावर चढून खिडक्या पुसल्या त्यानं. तिसऱ्याच्या वेळी यांच्याशी भांडले होते, दोन दिवस जेवले नव्हते. चौथ्याला तापाची गोळी. आणि पाचवं..." ती थांबली. "पाचव्याला मी काहीच केलं नाही ताई. खरंच. नुसती पडून होते. पण मला फार आनंद झाला होता. आठव्या आठवड्यात ठोके ऐकले आणि मी सगळ्यांना फोन करून सांगितलं. मला वाटतं ते आनंदानं गेलं."

ताईचं पेन "पाच" या शब्दावर थांबलं होतं. शाईचा ठिपका कागदात मोठा होत चालला.

"असं काही नसतं," ती म्हणाली.

"तूच म्हणाली होतीस की. पहिल्या वेळी. मी विचारलं, ताई, सायकल चालवली म्हणून का गं? आणि तू म्हणालीस, हो, सायकल नको होती."

म्हणाली होती. फोनवर. तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जिभेच्या टोकावर जे खरं होतं ते सोडून हाताशी दुसरं काही नव्हतं. धाकटीनं त्याच आठवड्यात सायकल विकली. आता बारा वर्षं ती सगळीकडे चालत जाते.

"ताई, डॉक्टर कुठल्या तपासणीचं म्हणत होते गं?"

चहा गोड होता. फार गोड. ताईनं पेला खाली ठेवला.

"ती..." ती म्हणाली. तोंड उघडलं होतं. सतरा वर्षांत पहिल्यांदा पुढचा शब्द ओठांवर येऊन उभा होता.

वरून कुणीतरी जिन्यावरून हाक दिली. "सिस्टर! डोकं दिसायला लागलं!"

आणि ताईला सुटल्यासारखं वाटलं. हेच तिला नंतर आठवत राहिलं: गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला असताना ती तरुण पोरीसारख्या एकवीस पायऱ्या चढून गेली.

वर एक बाई दातओठ खात होती. तिचं पहिलंच. ताईनं हातमोजे चढवले, पायाशी उभी राहिली, आणि तिचा आवाज आपोआप खाली उतरला, मऊ झाला.

"आता जोर नको. धापा टाका. कुत्र्यासारख्या. लाजायचं नाही, इथं कुणी बघत नाही. हं. आता पुढची कळ येईल तेव्हा, तेव्हा हळूच."

डोकं आलं. मानेभोवती नाळेचा एक सैल वेढा. तिनं बोटानं तो उचलून डोक्यावरून सोडवला. एक खांदा, दुसरा खांदा, आणि मग एकदम सगळं, ओलं, निळसर, निसरडं. तिनं टॉवेलनं पाठ चोळली. एक, दोन, तीन. रडणं फुटलं, आधी तक्रारीसारखं, मग हक्कानं. नाळेतली धडधड बोटाखाली मंद होत थांबली. दोन चिमटे, मधे कात्री.

मग वार आली. तिनं ती परातीत पसरली आणि हातमोज्यांच्या बोटांनी एकेक पाकळी चाचपली. हे काम ती कधी नव्या मुलींवर सोपवत नसे. बाळ झालं, रडलं, लोकांनी आनंद केला, तरी आतला एखादा तुकडा आतच राहिला असेल तर बाई संध्याकाळी रक्ताच्या थारोळ्यात सापडते. नव्या मुलींना ती सांगायची, बाहेर आलंय ते बघू नका, काय राहिलंय ते बघा.

काही राहिलं नव्हतं. सगळं आलं होतं.

ती खाली आली तेव्हा धाकटी तशीच बसली होती, पाय वर घेऊन. उन्हाची पट्टी तिच्या गुडघ्यांवर आली होती. तिनं चहा संपवला होता आणि ताईच्या पेल्यावर बशी झाकून ठेवली होती.

"काय झालं?"

"मुलगी."

"रडली लगेच?"

"लगेच."

धाकटीच्या चेहऱ्यावर जे हसू आलं त्यात खोट नव्हती. तेच ताईला सहन होत नसे. धाकटीला दुसऱ्यांच्या मुलांचा मत्सर वाटला असता, तिनं आदळआपट केली असती, शिव्या दिल्या असत्या, तर ताईला तिच्यासमोर उभं राहणं सोपं गेलं असतं.

"बरं, आता माझं ऐक." धाकटीनं रंगांचं पुस्तक उघडून दोघींच्या मधे ठेवलं. लहान लहान चौकोन, प्रत्येकाखाली नाव. "महिनाअखेरीला तू ही नोकरी सोडून मोकळी. घराची किल्ली त्या घरमालकाच्या तोंडावर फेकायची आणि आमच्याकडे यायचं. हे ठरलंय. तू नाही म्हणायचं नाही, कारण तुला कुणी विचारलेलंच नाही."

"अगं, पण..."

"पण काय? यांनी भिंतीसुद्धा मोजून ठेवल्या. पूर्वेकडची खोली. तीच, जिला आम्ही नुसतं 'ती खोली' म्हणायचो. नऊ वर्षं तिच्यात इस्त्रीचं टेबल आहे आणि एक आरामखुर्ची. मी तिथं कपडेसुद्धा वाळत घातले नाहीत कधी. परवा हे म्हणाले, ताई येणार म्हणजे आता ती 'ताईची खोली'. आणि ताई, नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघांनी मिळून तिची खिडकी उघडली." तिनं एका चौकोनावर बोट ठेवलं. "हा बघ, कोवळं ऊन. आणि हा वाळू. हे म्हणतात वाळू घे, डाग दिसत नाहीत. मी म्हटलं, ताईच्या खोलीला डाग पडणार कुठून? ती तर जिथं बसते तिथली धूळसुद्धा उठून उभी राहते."

ताईनं चौकोनांकडे बघितलं. पिवळसर, करडा, फिकट. तिला ती खोली माहीत होती. दर रविवारी ती त्या बंद दारावरून हात धुवायला जायची.

"आम्ही दोघं आणि तू," धाकटी म्हणाली. "तीन माणसं झाली की त्याला घर म्हणायला हरकत नाही. आता तू आईच आमची. मूल नाही तर नाही, म्हातारं माणूस तरी सांभाळू. तू चिडू नकोस, म्हातारं म्हटलं म्हणून."

"नाही चिडले."

"मग रंग सांग."

वर नुकती जन्मलेली मुलगी रडत होती. जिन्यावरून तिचे नातेवाईक चढत होते. कुणाच्यातरी चपलांचा फटफट आवाज, कुणीतरी कुणाला हळू बोला म्हणत होतं.

ताईनं फाइल ओढून घेतली. सारांश लिहून झाला होता. तारखा, आठवडे, औषधं, इंजेक्शनं. त्यांतली निम्मी तिनं स्वतःच्या हातानं दिली होती, धाकटीला खिडकीकडे बघायला सांगून. त्यांतल्या एकाही सुईचा उपयोग नव्हता, आणि हे तिला सुई टोचतानाच माहीत असायचं. तिशीत कळलं असतं तर कुठे जायला हवं होतं, काय करून बघता आलं असतं, हे तिनं आज सकाळी त्या जोडप्याला सविस्तर सांगितलं होतं. आता खाली डॉक्टरांची सही होती. सहीच्या वर एक रकाना कोरा होता.

तो भरला की सगळं मिटत होतं. आई नाही. डॉक्टर बोलणार नाहीत. ते फाइल न वाचता पुढची फाइल उघडतील. पूर्वेकडची खोली, सकाळचं ऊन, आरामखुर्ची. धाकटी रोज विचारणार, चहा ठेवू का ताई. आणि तिच्या डोक्यात ते पाच हिशोब तसेच, जन्मभर, रांगेनं.

"अगं लिही ना," धाकटी वाकून बघत म्हणाली. "एकच तर शब्द आहे. मला सांग, मी लिहिते."

तिनं खरोखरच हात पुढे केला. ताईनं पेन दिलं नाही. ते तिनं फाइलीच्या बाजूला, चादरीवर, आडवं ठेवलं. रंगांचं पुस्तक मिटलं आणि धाकटीच्या मांडीवर परत दिलं.

"काय झालं? रंग आवडले नाहीत?"

"तो शब्द खोटा आहे," ताई म्हणाली.

"कुठला?"

"अज्ञात." तिचा आवाज वरच्या मजल्यावर व्हायचा तसा खाली उतरला नव्हता, तो कोरडा होता, आणि तो थांबवायचा तिनं प्रयत्न केला नाही. "तू काही केलं नाहीस. पाचांतल्या एकाही वेळी नाही. ते माझ्यात आहे, तसंच तुझ्यातही असणार. आईकडून आलंय. मला तुझ्या लग्नाच्या आधीपासून माहीत आहे."

धाकटीनं पाय हळूहळू खाली घेतले.

"डॉक्टर जिचं म्हणत होते ती तपासणी त्याचीच होती. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारलं होतं, सिस्टर, तुमच्याच घरचं आहे, रक्त पाठवायचं का?" ताईनं श्वास घेतला. "पाठवू नका, असं मी सांगितलं."